कोर्स पूर्ण झाला, पण पोरींना काय कळलं ते कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

वस्तीतल्या मुलामुलींसाठी ऑनलाईन लैंगिक शिक्षण, संमतीचं शिक्षण अशा बातम्या आता बऱ्याचदा वाचायला मिळतात, इतक्या हजारांनी नाव नोंदवलं, इतक्यांना सर्टिफिकेट मिळालं, व्हिडिओला इतके व्ह्यूज आले. असे कोर्स पाहिजेतच, याबद्दल माझं दुमत नाही, पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते, की कोर्स केल्यावर सहा महिन्यांनी त्या पोरीच्या आयुष्यात काय फरक पडला. ते तपासलंच जात नाही किंवा तपासल्यासारखं केलं जातं, आणि ते मी स्वतः बघितलंय म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. संध्याकाळी घरीच आठवी ते बारावीच्या पोरींचा क्लास घेते. बहुतेकींच्या आया विड्या वळतात, वडील पॉवरलूमवर नाहीतर रिक्षावर. माझी आई पण विडी कामगार होती, मी शाळेत असताना सूप मांडीवर घेऊन पानं कापलीत, दोरा बांधलाय, त्यामुळं या घरांमध्ये काय बोललं जातं आणि काय कधीच बोललं जात नाही ते मला कुणी सांगायची गरज नाही. पोरी मला अक्का म्हणतात.

मागं एका संस्थेचे लोक आले, नाव लिहीत नाही कारण माणसं मनानं चांगली होती. मोबाईलवर दहा व्हिडिओचा कोर्स, पाळी, शरीरातले बदल, गर्भनिरोधक, एचआयव्ही, संमती, फोटो आणि सोशल मीडिया, सगळं होतं त्यात, व्हिडिओ पण चांगले बनवले होते. तुमच्या पोरींची नावं द्या म्हणाले. मी १८ पोरींना बसवलं. पहिलाच अडथळा ओटीपीचा. नंबर टाकला की ओटीपी जाणार पप्पांच्या फोनवर आणि पप्पा शिफ्टला. काहींच्या घरी एकच फोन, तो भावाकडं. चार पोरी तिथंच गळाल्या. म्हणजे ज्यांच्या घरी सगळ्यात जास्त बंधनं त्याच पोरी पहिल्या दिवशी बाहेर, आणि ज्या आत राहिल्या त्यांची घरं आधीच जरा मोकळी. मग शेवटी निकाल चांगला आला तर तो कोर्समुळं का घरामुळं, हे कसं कळणार?

राहिल्या १४. त्यातल्या एकीनं भावाच्या फोनवर पाळीचा व्हिडिओ बघितला, दुसऱ्या दिवशी भावानं यूट्यूब उघडलं तर समोर तसल्याच विषयाचे व्हिडिओ यायला लागले, म्हणजे यूट्यूब दाखवतंच की एक बघितलं की तसलं दुसरं. घरात मोठा तमाशा झाला, आठवडाभर क्लास बंद. दुसरी एक तिसऱ्या व्हिडिओनंतर आलीच नाही. असं करत शेवटपर्यंत सात राहिल्या. सातींनी शेवटचा फॉर्म भरला, जवळजवळ सगळ्यांना दहापैकी नऊ-दहा मार्क. संस्थेच्या रिपोर्टात आलं की पूर्ण करणाऱ्या मुलींच्या ज्ञानात भरघोस वाढ. वाढ झालीच, खोटं नाही. पण ज्या अकरा गळाल्या त्यांच्याबद्दल रिपोर्टात एक ओळ नाही. एक फोन नाही की बाई गं का सोडलंस.

ती तिसऱ्या व्हिडिओनंतर गेलेली पोर, तिची सुपारी फुटली होती. सोळा वर्षांची. मला ते नंतर कळलं, मी दोनदा घरी गेले, तिच्या आईजवळ बसले, बोलले, आणि सध्या तरी लग्न अठरापर्यंत पुढं ढकललंय. आता सांगा, त्या कोर्सची सगळ्यात जास्त गरज कुणाला होती? आणि आकड्यांत ती कुठं आहे?

हा काही एका घराचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात ४०.३ टक्के. जवळजवळ दुप्पट. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी शंभरात साधारण ६१ जणांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांमध्ये फक्त ३८. आता फोन वाढलेत हे मान्य, पण फोन घरात असणं आणि पोरीच्या हातात एकांतात असणं यात फार फरक आहे, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असली की एकांत कुठून आणायचा.

आता संमती या शब्दाबद्दल. मी पोरींना विचारलं, संमती म्हणजे काय गं? पहिलं उत्तर आलं, "पप्पांची सही." सहलीला जायचं तर संमतीपत्र आणायचं असतं ना शाळेत, त्यांनी तो शब्द तेवढाच ऐकलाय! म्हणजे जो शब्द आपण पोरीच्या स्वतःच्या मर्जीसाठी वापरतोय तो तिच्या डोक्यात वडिलांच्या परवानगीचा शब्द आहे, बरोबर उलटा. आणि फॉर्ममध्ये प्रश्न होता, "संमती आवश्यक आहे का? हो / नाही". सगळ्यांनी हो केलं. कशाला हो केलं ते त्यांनाच माहीत.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका गल्लीत चालतं. मी मग सोप्या भाषेत विचारलं, तुला नको असलं तर घरी काय म्हणतेस? तेलुगू घरातली म्हणाली "नाकु इष्टं लेदु", कन्नड घरातली म्हणाली "ननगे इष्ट इल्ल", मुस्लिम घरातली म्हणाली "मेरी मर्जी नहीं". बघा, शब्द आहेत त्यांच्याकडं, रोजचे आहेत, भाजी नको म्हणताना पण वापरतात. कोर्स बनवणाऱ्यानं एक दिवस येऊन बसलं असतं तर हे शब्द मिळाले असते. एक पोर तर म्हणाली, "अक्का, त्या व्हिडिओतली बाई लई भारी बोलते, पण ती आपल्यासंगं बोलतीय असं वाटतच नाही की." माझ्या मते कुठल्याही कोर्सची पहिली तपासणी हीच पाहिजे, की ज्या पोरांसाठी बनवलाय त्यांनी प्रश्न वाचून आपल्या शब्दात परत सांगायचा, तुला यात काय विचारलंय असं वाटतं ते सांग म्हणायचं. हे न करता मिळालेले मार्क माझ्या लेखी काही कामाचे नाहीत.

आणि हो-नाहीच्या प्रश्नांनी हा विषय मोजताच येत नाही. "संमती केव्हाही मागं घेता येते का" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल, बरोबर उत्तर प्रश्नातच दिसतंय. त्यापेक्षा गोष्ट सांगा. एक मुलगा आणि एक मुलगी, कॉलेजच्या वाटेवर ओळख झाली, तिनं एकदा त्याला फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी तो अजून मागतो, ती काही उत्तर देत नाही, नुसता निळा टिक. ही हो आहे का? मी हे क्लासमध्ये विचारलं आणि निम्म्या पोरी म्हणाल्या, "गप बसली म्हणजे चालतंय." त्यांचा काय दोष. मौनं संमतिलक्षणम् हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगी खाली मान घालून बसली की लाजली म्हणजे पसंत आहे असं आपणच म्हणतो. दहापैकी दहा मार्क मिळवलेल्या पोरी होत्या या.

त्यातलीच एक महिनाभरानं क्लास सुटल्यावर मागं थांबली. म्हणाली, अक्का, तो म्हणतो फोटो पाठव, मी नाही म्हणलं की दोन दिवस बोलत नाही, मग मलाच कसंतरी होतं, मग मी काय करू? तिला माहीत होतं सगळं, व्हिडिओत बघितलं होतं, फॉर्ममध्ये बरोबर टिक केलं होतं. पण रुसलेल्या माणसासमोर नाही टिकवून धरायचं कसं, हे तिला कुणी करून दाखवलं नव्हतं. आम्ही मग दोघींनी ते बोलून बघितलं, मी तो झाले, ती ती झाली, पाच-सहा वेळा. पहिल्या दोन वेळा तिचा आवाजच फुटेना. माहिती असणं वेगळं आणि तोंडातून शब्द निघणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट दहा मार्कांच्या फॉर्ममध्ये कधीच येत नाही.

हे मी नुसतं माझ्या क्लासवरून बोलत नाही. जगात ज्यांनी नीट तपासलंय त्यांना पण हेच दिसलंय. कॉम्प्युटरवरून दिल्या जाणाऱ्या लैंगिक आरोग्य कार्यक्रमांचा एक मोठा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यात माहिती बऱ्यापैकी वाढते, पण त्या मानानं वागण्यावरचा परिणाम कमी, असं निघालं. आणि त्याहून महत्त्वाचं उदाहरण ब्रिटनचं. तिथं १६ ते २४ वयाच्या ६,२४८ तरुणांवर एक चाचणी झाली, ९२ क्लिनिकमधून, या सगळ्यांना आधी क्लॅमिडिया, गनोरिया असल्या लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणी होऊन गेलेल्या. निम्म्यांना मोबाईलवर काळजीपूर्वक लिहिलेले मेसेज, निम्म्यांना ते नाहीत. वर्षभरानं तपासलं तर मेसेज मिळालेल्यांत पुन्हा लागण २२.२ टक्के आणि न मिळालेल्यांत २०.३ टक्के. म्हणजे कमी तर नाहीच, उलट थोडी जास्त! आणि कंडोम वापरला का विचारलं तर मेसेजवाल्यांचं प्रमाण जरा जास्तच होतं. २०२२ मध्ये त्यांनी हे जसंच्या तसं छापलं, लपवलं नाही. तिथं नुसता फॉर्म भरून घेऊन थांबले असते तर कार्यक्रम यशस्वी म्हणून जाहीर झाला असता आणि देशभर गेला असता. मला हे वाचल्यावर फार विचार पडला, की आपण तर फॉर्मच्या पुढं जातच नाही.

तपासायचं कसं, तर ते काही फार अवघड नाही. दहा-बारा वस्त्या घ्या, चिठ्ठ्या टाका, निम्म्या वस्त्यांत कोर्स आत्ता द्या, निम्म्यांत सहा महिन्यांनी द्या, म्हणजे कुणावर अन्याय नाही. वस्तीच घ्यायची, एकेक पोर नाही, कारण शेजारच्या पोरी नळावर एकमेकींना सगळं सांगतात, वेगळं राहतच नाही काही. दोन्हीकडं आधी विचारा, संपल्यावर विचारा, आणि सहा महिन्यांनी परत विचारा. नाव लिहून घेऊ नका, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्माचा दिवस असा प्रत्येकीनं स्वतःच कोड बनवायचा, तो तिच्या लक्षात राहतो. प्रश्न कागदावर वाचून दाखवू नका, मागं भाऊ उभा असतो. हेडफोन द्या, प्रश्न तिच्या भाषेत कानात ऐकू येऊ दे, स्क्रीनवर नुसते लाल-हिरवे गोल, बघणाऱ्याला काही कळणार नाही. आणि सोडून गेलेल्यांकडं जा. सगळ्यात आधी त्यांच्याकडंच जा.

मुलांचं वेगळं मोजा. मुलं फॉर्ममध्ये सगळं बरोबर लिहितात आणि बाहेर येऊन टपरीवर हसतात, ती वाईट आहेत असं नाही, त्यांना हा विषय त्या फोनवरच्या घाणेरड्या व्हिडिओंनी शिकवलाय, दुसरं कुणी भेटलंच नाही. मुलांचा कोर्स लागू पडला का हे मुलांना विचारून कळणार नाही, त्याच वस्तीतल्या मुलींना विचारा की क्लासला जाताना कोपऱ्यावर उभं राहून बोलणं, मागं गाडी घेऊन येणं, नंबर मागणं कमी झालं का. त्यांच्याइतकं बरोबर उत्तर कुणी देणार नाही.

कायद्याचा भाग कोर्समध्ये आहे पण तो फार घाईत उरकलेला असतो, आणि इथंच पोरं फसतात. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल. सतरा वर्षांच्या पोरीनं मनापासून हो म्हटलं तरी कायद्यात तो हो धरला जात नाही, आणि एकोणीस वर्षांचा पोरगा जेलमध्ये जातो. लग्न झालं असलं तरी सुटका नाही, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१७ मध्येच सांगितलंय की अठराखालच्या बायकोशी संबंध हा पण बलात्कार. आमच्याकडं हे कुणालाच माहीत नाही, ना आईला ना सासऱ्याला ना नवऱ्या मुलाला. म्हणजे पोरांना दोन गोष्टी एकदम शिकवायच्यात, हो-नाही विचारायची माणुसकी आणि १८ ची रेघ, आणि दोन्ही वेगळ्या आहेत हे पण समजवायचंय. ते समजलं का, हे तपासल्याशिवाय कळणार कसं?

तपासणाऱ्यांनी पण एक लक्षात ठेवावं. फॉर्म भरता भरता एखादी पोर सांगते की माझ्यासोबत अमुक झालं. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर त्यालाही शिक्षा आहे. मग तू सांगितलेलं कुणाला कळणार नाही असं वचन पोरीला आधीच देऊन बसणं हे तिला फसवणं आहे. आधी सांगा, काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल, आणि कळवल्यावर तिच्यासोबत कोण उभं राहील. आमच्याकडं आलेल्या टॅबलेटवर पहिल्या पानावर "तुमची माहिती पूर्ण गोपनीय" असं लिहिलं होतं. मी त्यांना विचारलं तर त्या सर्व्हे करणाऱ्या मुलीला काही सांगता आलं नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं, तिची तरी काय चूक.

परवानगीचंही असंच. अठराखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागते, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण तेच म्हणतो, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत मुलाची स्वतःची मान्यता पण घ्यायला सांगितलंय, १२ च्या वर असेल तर लेखी. आमच्याकडं पालकांच्या सह्या झाल्या, पोरींना कुणी विचारलंच नाही. संमती शिकवायला आलेल्यांनी पोरींची संमती घेतली नाही!

अजून एक. कोर्स झाल्यावर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन वाढले, सरकारी दवाखान्यातल्या वयात येणाऱ्या मुलामुलींसाठीच्या मैत्री क्लिनिकला मुली जास्त यायला लागल्या, तक्रारी वाढल्या, तर लोक लगेच म्हणतील बघा हे शिकवलं आणि प्रकार वाढले. तसं नसतं. आधी पण होत होतंच, आता बोलायला लागल्यात. त्यामुळं हे आकडे मोजायचेच, नाव न घेता रजिस्टरवरून मोजता येतात, पण त्याचा अर्थ लावणारा माणूस समजदार पाहिजे.

शिकवल्यानं पोरं बिघडतात म्हणणारे मला रोज भेटतात. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास बघून स्पष्ट लिहिलंय की असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत. आपल्या राज्यात २००७ मध्ये शाळेतलं हे शिक्षण विरोध झाला म्हणून थांबवलं होतं, तेव्हा नववीत असलेली पोरं आज तिशी ओलांडून आई-बाप झालीत. त्यांना स्वतःलाच कुणी सांगितलं नाही, ते पोरांना कुठल्या शब्दात सांगणार. म्हणून मला या आयांचा राग येत नाही. एकीनं तर मला हळूच विचारलं, ते व्हिडिओ मला पण बघता येतील का.

संस्थावाल्यांना, आरोग्य खात्याला आणि आपल्या विद्यापीठातल्या समाजकार्य शिकवणाऱ्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे की पुढचा कोर्स आणताना सोबत सहा महिन्यांनी परत यायचे पैसे आणि माणसं पण घेऊन या. संपादक साहेब, तुम्ही पण बातमी छापताना किती जणांनी अर्धवट सोडलं आणि का, हे एकदा विचारा. माझ्या क्लासच्या त्या अकरा पोरींपैकी नऊ जणी अजून इथंच राहतात. दुपारी विड्या देऊन आया घरी आल्या की साधारण तीन ते पाच या वेळात पोरी मोकळ्या असतात, कुणी यायला तयार असेल तर मी त्यांना बोलावते, चहा माझ्याकडं.

माझं नाव कृपया छापू नका. माझ्यासाठी नाही, नाव आलं की गल्लीत पोरी ओळखू येतील.

आपली नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर